नायकीण, मुकादम आणि अध्यक्षा : नागपूरच्या श्रमिक स्त्रियांच्या पुढारीपणाविषयी

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या मोहन पार्कात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भाषण केले. समाजाची प्रगती त्यातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, या आशयाचे त्यातील विधान आज सर्वतोमुखी झाले आहे. शाळांच्या भिंतींवर, आठ मार्चच्या निमंत्रणपत्रिकांवर, प्रबंधांच्या पहिल्या पानावर ते हमखास भेटते. परंतु त्याच मांडवात, त्याच दिवशी स्त्रियांनी जे ठराव संमत केले, ते किती जणांनी वाचले आहेत? वक्त्याचे वाक्य उरले आणि श्रोत्या स्त्रियांचे म्हणणे मागे पडले, असा हा प्रकार आहे. स्त्रियांचे नेतृत्व आणि कामाच्या ठिकाणची समानता यांविषयी अलीकडे पुष्कळ बोलले जाते; त्या चर्चेच्या मराठी पूर्वेतिहासात या ठरावांचे स्थान कोणते, हे तपासून पाहण्याचा आमचा हेतू आहे.

आधी ठराव पाहू. घटस्फोटाचा हक्क कायद्याने मान्य व्हावा, पुरुषाच्या बहुपत्नीकत्वास बंदी व्हावी, मुलींसाठी सरकारी खर्चाने वसतिगृहे निघावीत, या मागण्या त्यांत होत्या. कायदेमंडळांत आणि इतर प्रातिनिधिक संस्थांत दलित स्त्रियांसाठी जागा राखून ठेवाव्यात, अशीही मागणी होती. या सर्वांच्या जोडीला दोन ठराव असे आहेत की, ते थेट कामाच्या जागेवरून उठून आल्यासारखे वाटतात. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे येथे काम करणाऱ्या स्त्रियांना वर्षाकाठी २१ दिवसांची किरकोळ रजा व एक महिन्याची हक्काची रजा मिळावी, दुखापत झाल्यास पुरेशी भरपाई मिळावी आणि २० वर्षांच्या नोकरीनंतर दरमहा किमान १५ रुपये निवृत्तिवेतन मिळावे, असा एक ठराव. गिरण्यांतील स्त्री कामगारांवर देखरेख करण्यासाठी स्त्रियांचीच नेमणूक करावी, असा दुसरा.

या दुसऱ्या ठरावाकडे आम्हांला विशेष लक्ष वेधायचे आहे. रजा, भरपाई, निवृत्तिवेतन या मागण्या कामाच्या मोबदल्याविषयी आहेत. देखरेखीची मागणी सत्तेविषयी आहे. हजेरी कोण मांडणार, कामावर घेणार कोण आणि काढणार कोण, मूल आजारी पडले म्हणून दोन तास उशीर झाला तर तो कोणाला सांगायचा, आणि सांगताना कोणती नजर सोसायची, हे सारे प्रश्न त्या एका मागणीत सामावलेले आहेत. स्त्रियांच्या नेतृत्वाचा प्रश्न नागपुरात कचेरीच्या वरच्या मजल्यावर उपस्थित झाला नाही. तो खात्यात, यंत्रांच्या खडखडाटात उपस्थित झाला, ही गोष्ट येथे लक्षात घेतली पाहिजे.

नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले. गिरणीचे नाव त्यावरूनच पडले. जमशेदजी टाटांची ही गिरणी तिच्या काळाच्या मानाने पुष्कळच उदार होती. निवृत्तिवेतन निधी आणि अपघाताची भरपाई या गोष्टी तेथे एकोणिसाव्या शतकातच सुरू झाल्या होत्या. मग १९४२ च्या स्त्रिया पुन्हा निवृत्तिवेतन आणि भरपाई का मागत होत्या? एक उत्तर उघड आहे : ठराव केवळ एका गिरणीपुरता नव्हता. विडी कारखान्यात पाने कापणारी आणि नगरपालिकेच्या रस्त्यावर झाडू मारणारी स्त्रीही त्यात होती. परंतु दुसरे उत्तर आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. चांगल्या मालकाने दिलेली सोय आणि कायद्याने मिळालेला हक्क यांत अंतर असते. सोय मालकाच्या मर्जीबरोबर बदलते. हक्काला मर्जी विचारावी लागत नाही. म्हणूनच त्या स्त्रियांनी आपले मागणे गिरणीच्या व्यवस्थापकाकडे न नेता थेट मध्यवर्ती सरकारकडे नेले.

आता देखरेखीविषयी. गिरण्यांत कामगार आणि व्यवस्थापक यांच्यामध्ये जॉबर किंवा मुकादम नावाचा मनुष्य असे. कामावर ठेवणे, रजा देणे, दंड करणे, हे सर्व व्यवहारात त्याच्या हाती. मुंबईच्या गिरण्यांत ज्या खात्यांत बायका अधिक असत, त्या रिळाच्या आणि वाइंडिंगच्या खात्यांत हे काम कधी कधी स्त्री करी. तिला 'नायकीण' म्हणत. हा शब्द मराठीच्या विद्यार्थ्याने थांबून न्याहाळावा असा आहे. 'नायक' म्हणजे पुढारी, सैन्याचा म्होरक्या, नाटक-कादंबरीचा मुख्य पुरुष. त्याचेच स्त्रीलिंगी रूप 'नायकीण' मराठीत, विशेषतः गोमंतकाच्या परिसरात, कलावंतिणीचा अर्थ घेऊन बसले. संस्कृतातून आलेली 'नायिका' काव्यात राहिली आणि ती पुढारी कधीच झाली नाही. बायकांवर हुकमत चालवणाऱ्या बाईसाठी भाषेजवळ जो शब्द होता, तो असा आधीच कलंकित होता. गिरणीतील नायकीणही लोकप्रिय नव्हती. जॉबराप्रमाणे तीही काम देण्यासाठी चिरीमिरी घेते, अशा तक्रारी होत. तेव्हा मुकादमाच्या जागी बाई आणून बसवली की प्रश्न सुटला, असे तेव्हाही नव्हते. अधिकार कोणाच्या हाती आहे, याइतकाच तो कोणत्या नियमाने चालतो, हाही प्रश्न होता.

१९२९ साली नेमलेल्या कामगारविषयक रॉयल कमिशनने, म्हणजे व्हिटली आयोगाने, हा विषय हाताळला होता. आयोगात बेरिल पॉवर या एकमेव स्त्री सदस्य होत्या. १९३१ च्या अहवालात अशी शिफारस आहे की, जेथे स्त्रिया मोठ्या संख्येने काम करतात तेथे निदान एक सुशिक्षित स्त्री त्यांच्या कल्याणासाठी व देखरेखीसाठी नेमावी आणि स्त्रियांना कामावर घेताना व काढताना तिचा सल्ला घ्यावा. शिफारस चांगलीच होती. पण तिच्यातील 'सुशिक्षित' या विशेषणाने एक दार उघडताना दुसरे बंद केले. देखरेख करणारी स्त्री बाहेरून, वरच्या थरातून येणार, हे त्यात गृहीत होते. खात्यात वीस वर्षे काढलेली बाई अधिकारी होऊ शकेल, ही कल्पना आयोगाच्या मनात नसावी.

तशी बाई नागपुरात होती. तिचे नाव राधाबाई कांबळे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी अपार परिश्रमाने सिद्ध केलेल्या 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) या ग्रंथात राधाबाईंचा परिचय येतो. गिरणीत राबणारी, कामगार संघटनेत पुढे आलेली ही स्त्री रॉयल कमिशनपुढे साक्ष देण्यास उभी राहिली, असे तो ग्रंथ सांगतो. साक्ष हा प्रकार आपल्या साहित्यविचारात फारसा मोजला जात नाही. भाषण मोजले जाते, निबंध मोजला जातो. पण साहेबांच्या मेजापुढे उभे राहून आपल्या कामाचे तास, आपली मजुरी, आपल्या खात्यातील हाल स्वतःच्या तोंडाने सांगणे हे एका गिरणी कामगार स्त्रीसाठी किती धैर्याचे असेल, याची कल्पना करता येते. साक्ष देऊन परत जायचे ते त्याच खात्यात, त्याच मुकादमापुढे. नेतृत्वाची व्याख्या करायची झाली तर आम्ही ती येथून सुरू करू.

नागपूरची दुसरी स्त्री जाईबाई चौधरी. उमरेडकडचे हे कुटुंब दुष्काळामुळे नागपूरला आले. जाईबाईंनी हमालाचे काम केले, डोक्यावरून ओझी वाहिली. पुढे एका मिशनरी बाईंच्या साहाय्याने त्या शिक्षिका झाल्या. अस्पृश्य बाई आपल्या मुलांना शिकवते म्हणून सवर्ण पालकांनी गिल्ला केला आणि ती नोकरी सुटली. मग त्यांनी १९२० नंतरच्या काळात संत चोखामेळा यांच्या नावाने स्वतःची मुलींची शाळा काढली. हमाल, शिक्षिका, शाळेची संस्थापक असा हा क्रम आहे. आजच्या भाषेत याला कोणी 'पदोन्नती' म्हणेल. पण येथे वरच्या पायरीवर बसवणारे कोणी नव्हते. जी पायरी होती ती काढून घेण्यात आली. तेव्हा जाईबाईंनी नवी पायरी स्वतः बांधली आणि ती आपल्या मागून येणाऱ्या मुलींसाठी ठेवली.

याच जाईबाईंच्या संबंधात एक प्रसंग घडला आणि तो आमच्या विषयाच्या गाभ्याशी आहे. डिसेंबर १९३७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरात राजकुमारी अमृत कौर यांच्या अध्यक्षतेखाली भरले. स्त्रियांचे शिक्षण, मताधिकार, वारसाहक्क यांसाठी झटणारी देशातील ही अग्रगण्य संस्था. या अधिवेशनात भोजनाच्या वेळी जाईबाई आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांना वेगळे बसवून अपमानित करण्यात आले, अशी नोंद पवार-मून यांनी दिली आहे. त्याचा निषेध करण्यासाठी १ जानेवारी १९३८ रोजी नागपुरातील दलित स्त्रियांनी मोठी सभा घेतली आणि आपले संघटन आपणच करायचे, हा विचार तेथून बळावला. व्यासपीठावर समानतेचे ठराव आणि पंगतीत वेगळे पान, ही विसंगती केवळ त्या काळाची म्हणून सोडून देता येत नाही. 'स्त्रियांचे नेतृत्व' असा एकसंध शब्द वापरताना आपण कोणत्या स्त्रीला मनात धरतो, हा प्रश्न त्या पंगतीने कायमचा विचारून ठेवला आहे.

मात्र दुसरा प्रवाह खोटा किंवा पोकळ होता, असा याचा अर्थ करणे अन्यायाचे होईल. अनसूयाबाई काळे १९२८ साली मध्यप्रांताच्या कायदेमंडळावर नियुक्त झाल्या. १९३७ मध्ये त्या प्रांतिक विधानसभेच्या उपाध्यक्षा झाल्या. चिमूर-आष्टीच्या फाशीच्या कैद्यांचे प्राण वाचावेत म्हणून त्यांनी केलेली धडपड विदर्भ विसरलेला नाही. पुढे १९५२ साली नागपूरने त्यांना लोकसभेवर पाठवले. मध्यप्रांतात १९३० साली प्रसूतिलाभाचा कायदा झाला, मुंबई प्रांताच्या पाठोपाठ अवघ्या वर्षाने. स्त्रिया कायदेमंडळात दिसू लागल्या आणि असे कायदे होऊ लागले, हा काळ एकच आहे. कमलाताई होस्पेट यांचे उदाहरण तर आणखी निराळे. बालवयात वैधव्य आलेल्या या स्त्रीने डफरिन रुग्णालयात परिचारिकेचे व सुइणीचे शिक्षण घेतले आणि १९२१ साली वेणूताई नेने यांच्यासह लहानशा प्रसूतिगृहापासून मातृसेवा संघाची सुरुवात केली. सुईणपण हे उच्चवर्णीय घरांत हलके समजले जाणारे काम. बाळंतिणीचा विटाळ, रात्री-अपरात्री परघरी जाणे, हे त्याला चिकटलेले. ते काम शास्त्र म्हणून शिकून, स्त्रियांनीच चालवलेली संस्था उभारून, त्यांनी त्याला प्रतिष्ठा दिली. १९६१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या कामात आपण निष्णात आहोत त्याच कामातून येणारे हे पुढारीपण आहे. या बाबतीत कमलाताई, जाईबाई आणि राधाबाई एका रांगेत बसतात, जरी नागपूरने त्यांना एका पंगतीत बसू दिले नसते.

पुन्हा मोहन पार्काकडे वळू. आधीचे दोन दिवस, १८ आणि १९ जुलैला, एन. शिवराज यांच्या अध्यक्षतेखाली दलित वर्गांची परिषद झाली होती. तिसऱ्या दिवशी स्त्रियांची. सुमारे २५ हजार स्त्रिया आल्या होत्या, असे तत्कालीन वृत्तान्त सांगतात. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे, स्वागताध्यक्ष कीर्तिबाई पाटील, तर इंदिराबाई पाटील सरचिटणीस. सुलोचनाबाईंनी अध्यक्षीय भाषणात संततिनियमनाचा पुरस्कार केला. र. धों. कर्व्यांसारख्याला ज्या विषयापायी प्राध्यापकाची नोकरी गमवावी लागली, तो विषय एक दलित स्त्री हजारो बायकांपुढे, उघड्या मांडवात बोलते, हे आपल्या वैचारिक इतिहासात कोठे नोंदवले जाते? वारंवारच्या बाळंतपणांचा संबंध कामाशी आहे, मजुरीशी आहे, शिक्षणाशी आहे. शरीरावरचा हक्क आणि कामावरचा हक्क हे दोन स्वतंत्र प्रश्न नाहीत, हे त्या सभेने एकाच दिवसाच्या कामकाजातून दाखवले.

योगायोग असा की, त्याच महिन्यात डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. नागपूरच्या स्त्रियांनी ज्या सरकारकडे मागणे मांडले, त्या सरकारचे मजूर खाते आता त्यांच्याच पुढाऱ्याकडे आले. खाणींतील स्त्रियांच्या प्रसूतिलाभात त्यांच्या कारकिर्दीत सुधारणा झाल्या. परंतु इतिहास सरळ रेषेत चालत नाही. युद्धकाळात कोळशाचा तुटवडा पडल्यामुळे, स्त्रियांना भूगर्भात काम करण्यास १९३७ पासून असलेली बंदी १९४३ साली उठवण्यात आली. आणि ती प्रथम उठली ती नागपूर ज्याची राजधानी होते त्या मध्यप्रांतातच. अखिल भारतीय महिला परिषदेने त्यास विरोध केला. मध्यवर्ती विधिमंडळात रेणुका राय यांनी तो मांडला. मजूरमंत्र्यांनी आणीबाणीची निकड पुढे केली आणि स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन हे तत्त्व येथे मान्य केले असल्याचे निदर्शनास आणले. १९४६ साली बंदी पुन्हा लागू झाली. या वादात कोणाची बाजू खरी, याचा निवाडा सोपा नाही. संरक्षण म्हणून घातलेली बंदी स्त्रीची मजुरी हिरावते. समान वेतनाचे तत्त्व धोक्याच्या जागी प्रथम अवतरते. खाणीतील स्त्रीला स्वतःला काय हवे होते, हे विचारणारी यंत्रणा मात्र दोन्ही बाजूंकडे नव्हती. नागपूरच्या ठरावांचे मोल येथेच कळते. तेथे ज्यांचे काम होते त्याच बोलत होत्या.

पुढे कायदे झाले. प्रसूतिलाभाचा सर्व देशासाठी कायदा १९६१ साली, विडी कामगारांसाठी १९६६ साली, समान वेतनाचा १९७६ साली. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध 'विशाखा' निकाल १९९७ मध्ये आला आणि कायदा २०१३ मध्ये. या कायद्यानुसार नेमायच्या तक्रार समितीची प्रमुख स्त्रीच असली पाहिजे, अशी तरतूद आहे. मुकादमाच्या नजरेविषयी १९४२ मध्ये जे सूचित केले होते, त्याला कायद्याची भाषा मिळण्यास ७१ वर्षे लागली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. दलित स्त्रियांसाठी राखीव जागांची मागणीही अशीच : २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीत अनुसूचित जातींच्या राखीव जागांपैकी एक तृतीयांश जागा त्या जातींतील स्त्रियांसाठी ठेवण्याची तरतूद आली. ठराव करणाऱ्या बहुतेकींनी ती पाहिली नाही.

आणि गिरणी? एकविसाव्या शतकाच्या आरंभी एम्प्रेस मिल बंद पडली. तिच्या जागेवर आता मॉल उभा आहे. खाते राहिले नाही, तेव्हा खात्यावरच्या बाईचा प्रश्नही उरला नाही, असे कोणास वाटेल. पण तो प्रश्न जागा बदलून हिंडतो आहे. घरी बसून विड्या वळणारी स्त्री आहे, कंत्राटदाराकडून सफाईला येणारी आहे, दुकानात दिवसभर उभी राहणारी विक्रेती आहे. यांच्यापैकी अनेकींना आपला मालक नेमका कोण, हेच ठाऊक नसते. मग आपल्यावर देखरेख कोणी करावी, हे त्या कोणाला सांगणार? वरिष्ठ पदांवरील स्त्रियांची टक्केवारी वाढावी हे योग्यच आहे. मात्र त्या मोजणीत खालचा मजला दिसत नाही. १९४२ च्या ठरावांत दोन्ही मजले होते : विधिमंडळातील जागा आणि रजेचे २१ दिवस एकाच यादीत.

साहित्याच्या अभ्यासकांसाठी यातून एक काम निघते. वसंत मून यांची 'वस्ती' (१९९५) आपण वाचतो. नागपुरातच वाढलेल्या आणि आई-वडील एम्प्रेस मिलमध्ये राबलेल्या कौसल्या बैसंत्री यांचे 'दोहरा अभिशाप' (१९९९) हे आत्मकथन हिंदीत आहे, म्हणून मराठीच्या वर्गात ते सहसा पोचत नाही. वास्तविक त्यातील वस्ती, गिरणीचा भोंगा आणि मुलींना शिकवण्याचा आईचा हट्ट हे सारे या लेखातील इतिहासाचेच अंतरंग आहे. ही पुस्तके ठरावांच्या शेजारी ठेवून वाचावीत. ठरावाची भाषा कोरडी, सरकारी वळणाची असते. तिच्यात अनुभव दिसत नाही. आत्मकथनात अनुभव असतो, पण तो एका घराचा म्हणून आपण वाचून मोकळे होतो. दोन्ही एकत्र ठेवले म्हणजे 'किमान १५ रुपये' या तीन शब्दांमागे वीस वर्षे कोणाची गेली, हे दिसू लागते.

'नायकीण' हा शब्द बिघडला, 'मुकादम' पुरुषच राहिला, 'अध्यक्षा' हा शब्द सभेपुरता सोज्वळ झाला. मोहन पार्कातील स्त्रियांना जी बाई हवी होती, तिच्यासाठी सन्मानाचा साधा मराठी शब्द अजून रुळलेला नाही. त्यांनी त्या बाईचे काम मात्र नेमके सांगून ठेवले आहे : तिने आमच्यातून यावे, आमच्या खात्यात उभे राहावे, आणि तिचा अधिकार कोणाच्या मेहेरबानीवर नव्हे तर नियमावर चालावा.